जुने दगडी पूल : राखावे कीं पाडावे ?

मुंबईहून पुण्यास मोटारीनें जाणाऱ्या कुटुंबांत पूर्वीं एक खेळ असे. खोपोली मागें पडून घाट चढूं लागला कीं मुलांनीं खिडकीस नाक लावून बसावयाचें, आणि ते उंच काळे दगडी खांब दृष्टीस पडतांच प्रथम जो "अमृतांजन पूल!" म्हणून ओरडेल त्यास लोणावळ्याच्या चिक्कीचा पहिला तुकडा मिळावयाचा. आमच्या घरीं हा मान बहुधा धाकट्या भावाकडे जाई. मला घाटांतील वळणांनीं मळमळत असल्यामुळें पूल आला काय आणि गेला काय, सारखेंच. आजी तर कपाळास अमृतांजनच चोळून बसलेली असे. त्यामुळें बाहेरचा पूल आणि मोटारींतील वास यांचा संबंध आमच्या बालबुद्धीस अगदीं स्वाभाविक वाटे. त्या प्रसिद्ध मलमाच्या जाहिरातीची मोठी पाटी एके काळीं पुलावर होती व तिच्यावरून लोकांनींच पुलास हें नांव देऊन टाकलें, हें पुढें कळलें. ज्यांनीं दगड घडविले त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. पाटीचें मात्र राहिलें.

सन २०२० च्या ५ एप्रिल रोजीं हा पूल सुरुंग लावून पाडण्यांत आला. महामारीमुळें देशभर टाळेबंदी होती, द्रुतगति मार्गावर एरवीं मिळणें अशक्य असा शुकशुकाट होता, आणि अधिकाऱ्यांनीं ती संधि साधली. आम्ही सारी मंडळी घरांत कोंडलेलींच होतों. पुतण्यानें आपल्या भ्रमणध्वनीवर तें दृश्य दाखविलें : क्षणभर कांहींच नाहीं, मग धुरळ्याचा एक लोट, आणि लोट ओसरल्यावर आभाळाचा एक मोकळा तुकडा. वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "वाईट झालें." आणि थोड्या वेळानें, "पण तेथें गाड्या फार अडकत."

या दोन वाक्यांच्या मध्यें कोठें तरी आपल्या सर्वांचें मन अडकलेलें आहे, म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे. माझाहि निकाल एका बाजूस लागलेला नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवितों.

बोरघाटाची वाट जुनी. इ. स. १७७९ च्या आरंभीं इंग्रजांची फौज याच घाटानें वर चढली व वडगांवास तिची फजिती झाली, हें शाळेंतील इतिहासांत आपण वाचलेलें असतें. पेशवाई बुडाल्यावर तोच घाट इंग्रजांस राज्यकारभारासाठीं लागूं लागला, आणि सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतांना, सन १८३० मध्यें, त्यावर चाकांच्या गाड्या चढूं शकतील असा रस्ता खुला झाला. तोंवर माणसानें पायीं चढावें नाहीं तर पालखींत बसावें, आणि मालानें बैलाच्या पाठीवरून जावें. तेहतीस वर्षांनीं, सन १८६३ मध्यें, त्याच घाटांतून आगगाडीहि वर आली. अमृतांजन पूल या घाटरस्त्याच्याच वयाचा म्हणून ओळखला जाई. पाडतेवेळीं त्याचें वय १९० वर्षें म्हणून सर्वत्र छापून आलें. पुढें द्रुतगति मार्ग झाला तो नेमका या पुलाच्या खांबांमधून गेला. तीव्र उतार, त्यांत वळण, आणि वाटेच्या मधोमध दगडी खांब! अपघात होत, रांगा लागत. खांब हलविल्यावांचून मार्ग रुंद होईना. तेव्हां पूल पाडण्यास कारण नव्हतें असें कोणी म्हणूं नये. खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पडण्यापूर्वीं त्याचें कसून मोजमाप घ्यावें, दगडांस क्रमांक घालावे, निदान एक कमान शेजारच्या मोकळ्या जागेंत पुनः उभी करून ठेवावी, असा आग्रह धरणारे आपण किती होतों ? चिक्कीच्या तुकड्यासाठीं ओरडणारे पुष्कळ होते.

दगडी कमान उभी कशी राहते हें एकदां नीट समजलें म्हणजे तिच्याविषयीं आदर आणि भीति दोन्ही योग्य प्रमाणांत उत्पन्न होतात. घरांत एखादी लांब साखळी असेल (सोन्याचीच असली पाहिजे असें नाहीं) तर तिचीं दोन टोकें दोन हातांत धरून ती सैल सोडावी. ती खालीं झोळ खाऊन एक सुरेख वळण घेते. त्या वळणांत प्रत्येक कडी शेजारच्या कडीस ओढीत असते. आतां तेंच वळण उलटें करून पाहा : ओढण्याच्या जागीं दाबणें आलें, आणि साखळीची कमान झाली. इंग्लंडांतील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानें सन १६७५ मध्यें ही गोष्ट जगापुढें मांडली, पण मोठ्या धूर्तपणानें मांडली. वाक्यांतील अक्षरें उलटींसुलटीं करून त्याचें कोडें करून छापलें, कीं श्रेय आपलें राहावें व युक्ति दुसऱ्याच्या हातीं लागूं नये. आमच्याकडील पाथरवटांस व गवंड्यांस हूकसाहेब ठाऊक नव्हते. त्यांस एवढें पक्कें ठाऊक होतें कीं दगड दाबास भीत नाहीं, ताणास भितो. म्हणून त्यास सदा दाबांत ठेवावें.

काम असें चाले. प्रथम दोन खांबांमध्यें लांकडाचें कालबूत उभारावयाचें. त्यावर दोन्ही बाजूंनीं, समतोल राखून, पाचरीच्या आकाराचे घडीव दगड चढवीत यावयाचें. माथ्याशीं एका दगडाची फट उरली कीं तो शेवटचा दगड ठोकून बसवावयाचा, आणि मग कालबूत हळूहळू, अगदीं बोटभर बोटभर, खालीं उतरवावयाचें. त्या क्षणापर्यंत कमान परावलंबी असते. त्यानंतर ती स्वतःच्याच वजनानें उभी राहते. माथ्यावरच्या दगडाचा लोक मोठा गौरव करतात, परंतु खरें पाहतां तो इतरांहून अधिक भार वाहत नाहीं. तो केवळ शेवटीं आला एवढेंच. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस हें सांगावयास नकोच. प्रत्येक जण शेजारच्यावर रेलून असतो, प्रत्येकास वाटतें कीं आपणच दाबले जात आहों, आणि त्या दाबामुळेंच कोणी खालीं पडत नाहीं.

पण कमानीस एक खोड आहे : ती सदा पाय पसरूं पाहते. दोन्ही टोकांस भक्कम काठ हवेत. मधले खांब तर उजवीकडची कमान व डावीकडची कमान यांच्या परस्पर रेट्यावर सांवरलेले असतात. म्हणून अशा ओळीतील एक खांब पायापासून खचला तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी जातात, त्या गेल्या कीं पुढच्या खांबांचा तोल जातो, आणि जो पूल सकाळीं पर्वतासारखा अचल दिसत होता तो कांहीं क्षणांत नदींत असतो. लांकूड कुरकुरतें, लोखंड वांकतें. दगडी कमान पुष्कळदां कांहींच न सांगतां जाते.

सन २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्रीं महाडजवळ हेंच घडलें. मुंबई-गोवा महामार्गावर सावित्री नदीस सन १९२८ मध्यें बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. शेजारीं नवा पूलहि झालेला होता. परंतु जुना निवृत्त झाला नव्हता, येणारी वाहतूक एकावरून व जाणारी दुसऱ्यावरून अशी वांटणी होती. महाबळेश्वराच्या माथ्यावर पाऊस कोसळत होता, सावित्री तुडुंब भरून चालली होती, रात्र काळोखी होती. कोंकणांतून मुंबईकडे निघालेल्या दोन एस. टी. बसगाड्या व एक मोटार त्या काळोखांत पुलावर आल्या आणि पूल तेथें नव्हता. चाळिसाच्या आसपास माणसें गेलीं. वाहून गेलेली पहिली बस सांपडावयास आठवड्यावर काळ लागला. कित्येक देह खाडीच्या दिशेनें मैलोगणती दूर गेले. त्याच वर्षीं मे महिन्यांत या पुलाची पाहणी झाली होती, आणि त्यास धोका नाहीं असा निर्वाळा मिळाला होता.

कोंकणांतील कोणत्याहि घरांत ही हकीकत अजून हलक्या आवाजांत सांगतात. गणपतीस गांवीं जाणारा आपला माणूस त्याच वाटेनें जातो. त्या रात्रीं एस. टी.च्या गाडींत बसलेल्यांपैकीं कोणी पुलाच्या वयाचा विचार केला असेल असें मला वाटत नाहीं. कोणीच करीत नाहीं. पूल हा पायाखालचा असतो, आणि पायाखालच्या वस्तूवर विश्वास टाकल्यावांचून प्रवास होत नाहीं.

या ठिकाणीं एका आख्यायिकेचा निकाल लावणें बरें. "हा पूल बांधणाऱ्या विलायती कंपनीनें पत्र पाठविलें होतें कीं शंभर वर्षें भरलीं, आतां आमची जबाबदारी संपली," ही गोष्ट आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जुन्या पुलाविषयीं सांगतात. ऐकणारा मान डोलावतो आणि साहेबाच्या सचोटीची वाहवा करतो. पण जरा विचार करावा. यांतील बहुतेक सार्वजनिक पूल मुंबई सरकारच्या बांधकामखात्यानें बांधिले. तें खातें, त्याचीं दप्तरें, त्याच्या वह्या येथेंच राहिल्या. मग पत्र पाठविणार कोण आणि कोणास ? तें पत्र आपणच आपणांस पाठवावयाचें होतें. तें आपण पाठविलें नाहीं, म्हणून सातासमुद्रांपलीकडच्या एका कल्पित कारकुनाच्या हातून तें लिहवून घेतलें, इतकाच त्या गोष्टीचा अर्थ मला दिसतो.

वरून येणाऱ्या भारास कमान सहसा भीत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांत असा प्रश्न पडला कीं घोडागाड्यांसाठीं बांधलेल्या जुन्या कमानींवरून रणगाडे न्यावे कीं नाहीं. पिपर्ड नांवाच्या प्राध्यापकानें कमानींवर जे प्रयोग केले होते त्यांच्या आधारें तेथील लष्करी एंजिनियरांनीं एक सोपें गणित बसविलें : कमानीची लांबी, जाडी, उंची मोजा आणि ती किती भार सोसेल तें ठरवा. तें गणित पुढें अनेक देशांतील पुलांस लागूं झालें. त्या गणितावरून दिसून आलें तें हें, कीं बैलगाडीसाठीं बांधलेली चांगली कमान मालमोटारीसहि पुष्कळदां पुरून उरते. परंतु त्या गणितांत नदी नाहीं. आणि नदी पुलास वरून मारीत नाहीं, खालून मारते.

पुराचें पाणी खांबास अडलें कीं त्याचा भोंवरा तळाशीं उतरतो व पायाभोंवतींची वाळू-माती उकरून नेतो. पूर ओसरतांना तोच खड्डा गाळानें पुनः भरून येतो. त्यामुळें उन्हाळ्यांत पाहणीस गेलेल्या मनुष्यास सर्व कांहीं जागच्या जागीं दिसतें. पायाची खरी तपासणी पाण्याखालीं उतरून, खोली मोजून, दर पुरानंतर व्हावयास हवी. आपण काठावर उभे राहून कठड्यास चुना लागला आहे कीं नाहीं तें पाहतों. त्यांत गेल्या पन्नास वर्षांत नद्यांतील वाळूचा बेसुमार उपसा झाला. पात्रें खोल गेलीं आणि जे पाये एके काळीं वाळूंत खोल पुरलेले होते ते उघडे पडले. हा अपराध इंग्रजांचा नव्हे, आणि पुलाचाहि नव्हे. ज्यांनीं आपल्या नव्या घराच्या गिलाव्यास नदीची वाळू लावली ते आपण सगळेच त्यांत थोडथोडे भागीदार आहों.

दुसरा शत्रु पिंपळ. कावळा बी टाकतो, दरजेंत तें रुजतें, आणि पिंपळ तोडणें कोणाच्या जिवावर येतें हें आपणांस ठाऊकच आहे. मूळ मनगटाएवढें झालें म्हणजे दगड सरकतो. तिसरा शत्रु आपली सदिच्छा. जुन्या पुलाच्या दरजा चुन्यानें भरलेल्या असतात. भिजविलेला चुना बैलाच्या घाणींत वाळूबरोबर दळून केलेला तो लेप मऊ असतो, दगडांच्या बारीक हालचालीबरोबर तोहि थोडा हालतो. आणि पावसाचें पाणी झिरपलें असतां त्यांतील थोडा चुना विरघळून बारीक भेगांत पुनः जमतो, म्हणजे आपली जखम आपणच भरून काढतो. डागडुजी करणारा मात्र दरजा खरवडून त्यांत सिमेंट कोंबतो. तें वरून टणक दिसतें, बिल लवकर मंजूर होतें. पण आंत शिरलेल्या पाण्यास बाहेर पडावयास वाट उरत नाहीं. तें पाणी दगडाचा पोपडा काढतें, भरावास फुगवितें. वाड्यांच्या दुरुस्तींत ज्यांनीं हात पोळून घेतले आहेत त्यांस हें नवें नाहीं.

आतां कायद्याविषयीं. केंद्र सरकारचा प्राचीन स्मारकांचा कायदा सन १९५८ चा. महाराष्ट्राचा स्वतःचा सन १९६० चा. आणि मुंबई शहरापुरती वारसावास्तूंची नियमावली सन १९९५ ची. लेणीं, किल्ले, देवळें, समाध्या हीं स्मारकें म्हणून सहज ओळखूं येतात. शहरांतील वाडे, कचेऱ्या व कारंजीं वारशाच्या यादींत बसतात. पूल मात्र रस्ताखात्याचा किंवा आगगाडीचा नोकर. खात्याच्या वहींत त्याचा क्रमांक असतो, लांबी-रुंदी असते, दुरुस्तीचा खर्च असतो. गुणांचा रकाना नसतो. मोठ्या शहरांबाहेर, दोन तालुक्यांच्या सीमेवर, एखाद्या ओढ्यावर उभी असलेली तीन कमानींची सुरेख रचना कोणाच्याच यादींत नसते, आणि म्हणून ती एके दिवशीं "रुंदीकरणांत गेली" एवढ्या दोन शब्दांत संपते.

आणि कायदा असला तरी तो नेहमीं योग्य बाजूसच उभा राहील असें नाहीं. कोल्हापुरास पंचगंगेवरचा शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकांत, सन १८७० नंतरच्या दशकांत बांधिलेला. दगडी, देखणा आणि अरुंद. शेजारीं पर्यायी पूल बांधावयास घेतला, बराचसा बांधूनहि झाला, आणि मध्येंच काम थांबलें. कारण काय, तर जवळची ब्रह्मपुरीची टेकडी हें केंद्राचें संरक्षित स्थळ. ही तीच टेकडी, जेथें सन १९४० नंतरच्या दशकांत झालेल्या उत्खननांत रोमन काळांतील वस्तु सांपडल्या, आणि जेथील समुद्रदेवतेची कांशाची छोटी मूर्ति आज कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळते. सन २०१० च्या दुरुस्तीप्रमाणें अशा स्थळापासून १०० मीटरांच्या आंत नवें बांधकाम निषिद्ध. म्हणजे जुन्याच्या रक्षणासाठीं केलेल्या कायद्यानें, जुन्या पुलाच्या मानेवरचा भार उतरविणारा नवा पूलच अडवून धरला! अर्जविनंत्या झाल्या, आंदोलनें झालीं, दिल्लीपर्यंत फेऱ्या झाल्या. सन २०१८ च्या २६ जानेवारीच्या रात्रीं कोंकणांतून देवदर्शन आटोपून परतणाऱ्या पुण्याकडील मंडळींची लहान बस शिवाजी पुलाचा कठडा तोडून नदींत गेली. तेरा माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत मुलें होतीं. नवा पूल सन २०१९ मध्यें रहदारीस खुला झाला.

या दुर्घटनेंत कमान पडली नव्हती. कठडा पडला. दीडशे वर्षांपूर्वींचा कठडा बैल बुजला तर त्यास थोपविण्यासाठीं होता. भरधाव मोटारीसाठीं नव्हता. म्हणून जुन्या पुलाच्या अभिमान्यांनीं ही गोष्ट मनाशीं पक्की धरावी कीं पुलास राखावयाचें तर प्रथम त्याच्या पाठीवरचें ओझें काढावें. म्हाताऱ्या माणसाकडून पाणी भरवून घ्यावयाचें आणि वर त्यांच्या वयाचा सत्कार करावयाचा, हा न्याय नव्हे.

हें कोठें साधलें आहे तें पाहावयाचें असेल तर पुणेंकरांस दूर जावयास नको. बंडगार्डनचा पूल, म्हणजे मूळचा फिट्झजेराल्ड पूल, सन १८६७ ते १८६९ या काळांत कप्तान सेलन या लष्करी एंजिनियराच्या आराखड्याप्रमाणें मुळामुठेवर बांधला गेला व त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड यांचें नांव त्यास मिळालें. त्याच्या टोकांस जे दगडी सिंह बसले आहेत त्यांच्या पाठीवर बसून छायाचित्र काढून घेतलें नाहीं असा जुना पुणेंकर विरळा. सन १९६१ च्या १२ जुलैस पानशेत फुटून जो लोंढा पुण्यांतून गेला त्यानंतरहि हा पूल उभा आहे. शेजारीं नवा पूल झाला, मोटारी तिकडे वळल्या, आणि जुन्यावर आतां लोक फिरावयास जातात. सिंह अजून तसेच उदासीन चेहऱ्यानें बसलेले आहेत. नदीच्या वासामुळें असेल.

वापर आणि रक्षण यांत मुळांतच वैर आहे असेंहि नाहीं. काल्का-सिमला आगगाडीचा मार्ग सन २००८ मध्यें जागतिक वारसा म्हणून गणला गेला. त्यावरील दगडी कमानींचे मजल्यावर मजले चढविलेले पूल आजहि गाडी वाहतात. कानोहजवळचा तर चार मजली आहे. तेथें गाडी लहान, वेग मंद, आणि देखरेख करणारीं माणसें नेमलेलीं. त्याउलट मुंबईतील मशीद बंदराजवळचा कर्नाक पूल. दीडशे वर्षें आगगाड्यांवरून रहदारी नेऊन तो जर्जर झाला व सन २०२२ च्या नोव्हेंबरांत पाडण्यांत आला, तें प्राप्तच होतें. पण तो उतरवितांना इंग्रजी, देवनागरी व गुजराती अशा तिन्ही लिप्यांत नांव कोरलेले दगड हातीं लागले. एका पुलावर नांव कोरतांना त्या काळच्या मुंबईनें तीन शेजाऱ्यांची आठवण ठेविली होती, हें पूल पडल्यावर कळलें!

करावयाचें काय, याचें उत्तर फारसें अवघड नाहीं, कंटाळवाणें मात्र आहे. प्रत्येक जिल्ह्यांतील जुन्या दगडी पुलांची एक वही व्हावी. तींत बांधणीचें साल, कमानींची संख्या, शिलालेख, छायाचित्र आणि पायाची खोली हें सर्व असावें. ज्यास भार झेपत नाहीं त्याच्या शेजारीं नवा पूल व्हावा, आणि जुन्यावरून पायीं जाणाऱ्यांनीं जावें. नवा पूल बांधावयास वेळ लागतो ही सबब मानूं नये. महाडला जो नवा पूल झाला तो दुर्घटनेनंतर १६५ दिवसांच्या कामानें झाला व सन २०१७ च्या जूनमध्यें खुलाहि झाला. जें मरणानंतर १६५ दिवसांत होतें तें मरणापूर्वीं कां होऊं नये, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक प्रवाशास आहे. आणि जो पूल खरोखरच राखण्यापलीकडे गेला असेल तो पाडतांना सुरुंगाच्या आधीं मोजपट्टी व कॅमेरा तेथें पोंचावा. हें काम सरकारावांचूनहि कांहीं अंशीं होण्यासारखें आहे. दिवाळीच्या सुटींत आपल्या घरचीं महाविद्यालयांत जाणारीं मुलें गांवीं येतातच. एका दिवसांत ओढ्यावरच्या पुलाच्या कमानी मोजून, कोरलेलें साल उतरवून घेणें त्यांस अशक्य नाहीं. पुलाखालीं उतरतांना पावसाळा सरलेला असावा व बरोबर कोणी वडील माणूस असावें, इतकेंच.

सांगलीच्या आयर्विन पुलाविषयीं लिहिल्यावांचून मात्र लेखणी खालीं ठेववत नाहीं, कारण तो आमच्या घरच्या बोलण्यांतला पूल आहे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या कारकीर्दींत कृष्णेवर झालेला हा दगडी पूल सन १९२९ मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नांवानें खुला झाला. सांगली व सांगलवाडी यांस जोडणें हें त्याचें नेमलेलें काम. पण सांगलीकरांनीं त्यास दुसरें काम दिलें आहे. नदीची उंची त्या पुलापाशींच मोजतात. पावसाळ्यांत सबंध सांगली-मिरजेंत एकच प्रश्न चालतो : "आयर्विनला किती ?" ४० फूट झाले कीं लोक सावध होतात, ४५ ही धोक्याची रेषा. सन २०१९ च्या ऑगस्टांत आंकडा ५७ फुटांच्या वर गेला, आणि गांवभागांत जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर बसून लोकांनीं दिवस काढले. लॉर्ड आयर्विन कोण, कोठले, हें तेथील पोरांस ठाऊक नसेल. त्याचें नांव फुटांत मोजतात हें ठाऊक असतें.

माझी मावशी गांवभागांत राहते. वय वर्षें ऐंशी. दर वर्षीं ऑगस्टांत पावसानें जोर धरला कीं मी तिला दूरध्वनि करितों.

"मावशी, आयर्विनला किती ?"

"बेचाळीस. सकाळीं एक्केचाळीस होतें."

"मग आतां इकडे ये ना पुण्याला."

"पंचेचाळीस झालें कीं देव आणि डाळ-तांदूळ माडीवर न्यायचे, मग बघूं. पुलाचे दिवे अजून लागताहेत. तूं जेवलास का रे ?"